‘आमचं’ की ‘आपलं’? : गावाच्या निधीचा प्रश्न

मंडळी, ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावापाशी आज जरा थांबू. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी (२०१५-२०) थेट ग्रामपंचायतीला आला; आराखडा ग्रामसभेनं करायचा, असं ठरलं. कल्पना उत्तमच. पण मराठीत ‘आपलं’ म्हटलं की ऐकणारा आत येतो, ‘आमचं’ म्हटलं की बाहेर राहतो.

भोर-वेल्ह्यात गावठाण खाली, धनगरवस्त्या डोंगरात. सभा बहुधा खाली, देवळात नाहीतर शाळेत. तरुण पुण्या-मुंबईला कामाला. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांत जे कमी ते. तेवढेही जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही! म्हणजे गैरहजेरी हीच संमती झाली की.

पंधराव्या आयोगानं २०२१-२२ पासून ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. हे बंधन आम्हाला मान्य आहे. पण पाइप कुठपर्यंत चढवायचा, हे पुन्हा तीच सभा ठरवणार ना? तेव्हा आमचं म्हणणं एवढंच: आराखड्याची एक तरी सभा वस्तीवर भरवा. हंडा घेऊन चढणाऱ्या बाईसमोर बसून मग ‘आमचं’ म्हणून बघा.