एजंटला दिसलं, म्हणून पास?

वेबसाइट अंध माणसाला वापरता येते का, हे तपासायचं काम आता एआय एजंटवर सोपवलं जातंय. अ‍ॅक्ससारखी जुनी साधनं पानाच्या कोडमध्ये नियमभंग शोधतात. एजंट त्यापुढे जाऊन ब्राउझर उघडतो, बटणं दाबतो, फॉर्म भरतो. ही प्रगती खरीच. माझा आक्षेप आहे तो 'पास' ठरवण्याच्या पद्धतीवर.

समजा, भंडारा जिल्ह्यात लाखांदूरच्या एका अंध शेतकऱ्याला धान खरेदीची सूचना वाचायची आहे. सूचना म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ. एजंट स्क्रीनशॉट बघतो, चित्रातली अक्षरं ओळखतो आणि 'काम पूर्ण' म्हणून मोकळा होतो. शेतकऱ्याच्या एनव्हीडीएला मात्र वाचायला मजकूरच सापडत नाही. सूचना कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आणखी गंमत: पडद्यावर स्वच्छ मराठी, आत इंग्रजी अक्षरांची खिचडी. स्क्रीन रीडर ती खिचडीच वाचून दाखवतो.

मग एजंटने तपासलं काय? स्वतःची नजर!

यावर उपाय आहे. एजंटला स्क्रीनशॉट देऊच नका. स्क्रीन रीडरच्या हाती जेवढं लागतं तेवढंच द्या. तरीही मॉडेल अर्धवट मजकुरावरून अंदाज बांधतं, म्हणून शेवटची चाचणी अंध वापरकर्त्यानेच घ्यावी, आणि तीही मानधन देऊन. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय. हक्क ज्याचा, पास-नापासही त्यानेच सांगायला हवं.