निरपराधांचे मरण आणि नायकाची प्रतिज्ञा

‘माझ्या लढ्यात एकही निरपराध मरणार नाही’ अशी प्रतिज्ञा कथात्म साहित्यातील नायक करतो, तेव्हा तो नेमके कशाचे आश्वासन देत असतो? या एका वाक्यात दोन भिन्न विधाने मिसळलेली असतात. ‘मी निरपराधास मारणार नाही’ हे नायकाच्या हाताविषयीचे विधान आहे आणि ते पाळणे त्याला शक्य आहे. ‘निरपराध मरणार नाही’ हे मात्र जगाविषयीचे विधान आहे. त्यात शत्रूचा, अनुयायांचा आणि निव्वळ योगायोगाचाही वाटा असतो. अद्भुतरम्य कथेला हा भेद पुसून टाकण्याची मुभा असते. वास्तववादी कथनाला ती नाही.

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. तिची चर्चा बहुधा बंडखोरी, बोली आणि दलित जाणीव यांच्या अनुषंगाने होते. तिचा शेवट ‘करुण’ म्हणून बाजूला ठेवला जातो. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी धान्य आणि पुढे सरकारी खजिना लुटणारा फकिरा आपल्या हाताला मर्यादा घालून घेतो. सरकारला तो सापडत नाही, तेव्हा ते त्याच्या आप्तांना व जातभाईंना पकडते. नायक निरपराधांना जपतो हे शत्रूला एकदा उमगले की ते निरपराध हेच शत्रूचे हत्यार बनते; म्हणजे नायकाची नीतीच त्यांच्यावर संकट ओढवून आणते. हा पेच तलवारीने सुटणारा नाही. फकिरा स्वतः हजर होतो. जगाविषयीचे विधान तो पुन्हा स्वतःच्या देहाविषयीचे विधान करतो, आणि तेवढ्यापुरतीच ती प्रतिज्ञा खरी होऊ शकते. या शरणागतीला पराभव म्हणणारे वाचन मला उथळ वाटते.

राज्यकर्त्याची भाषा याहून वेगळी असते. चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र सर्वपरिचित आहे. त्यात रयतेला उपद्रव न देण्याची सक्त ताकीद आहे. पण त्याचबरोबर दिव्याची पेटती वात उंदराने ओढून नेली तर गवताची गंजी पेटेल, ही काळजीही आहे. येथे प्रतिज्ञा नाही, बंदोबस्त आहे. कोणाचाही हेतू नसताना अनर्थ घडू शकतो, हे त्यात गृहीत धरले आहे. आपल्या ऐतिहासिक कादंबरीने महाराजांच्या शपथा जेवढ्या रंगविल्या तेवढा हा उंदीर रंगविला नाही.

महाभारतकार या बाबतीत अधिक निष्ठुर आणि म्हणून अधिक विश्वसनीय आहेत. लाक्षागृहात पांडव वाचतात. जळतात ती निषादी आणि तिचे पाच पुत्र. पांडव मेले असे कौरवांना वाटावे, यासाठी कथानकाला सहा प्रेते हवी होती. व्यासांनी ती लपविली नाहीत. मात्र त्या सहा जणांना नावेही दिली नाहीत. पुढे युद्ध संपल्यावरही कथन थांबत नाही. सौप्तिकपर्वात झोपेतली माणसे मारली जातात आणि स्त्रीपर्वात बायका रणभूमीवर येतात. प्रतिज्ञेची किंमत किती, हे कथन कोठे थांबते यावर ठरते, हे व्यासांना ठाऊक होते.

आम्हा मराठवाड्यातील अभ्यासकांना हा मुद्दा टाळता येणार नाही. स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. त्यांची निष्ठा सत्याग्रहावर होती. रझाकारांचे अत्याचार आणि त्यांना उत्तर देणारे सीमेवरील सशस्त्र कॅम्प, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. पण मुक्तिसंग्रामावरचे गौरवपर लेखन बहुधा १७ सप्टेंबर १९४८ लाच थांबते. पोलीस कारवाईनंतरच्या हिंसेची पाहणी करण्यासाठी केंद्र सरकारने त्याच वर्षी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठविले. कारवाईच्या काळात व नंतर हैदराबाद संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मेली, असा त्यांच्या अहवालाचा अंदाज आहे. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. तत्कालीन औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांचा आकडा किमान ५ हजार दिला आहे. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला.

सत्याग्रहींनी आपला हात स्वच्छ ठेवला, हे खरेच आहे. त्यांच्या विजयानंतर गावोगाव जे घडले ते त्यांच्या हाताने घडले नाही, हेही खरे. परंतु कादंबरीकाराला एवढ्यावर सुटता येत नाही. ध्वजवंदनाच्या दुसऱ्या दिवशी कॅम्पवरून गावी परतलेला कार्यकर्ता, आणि शेजारचे दार कायमचे बंद झालेले पाहून त्याने स्वतःशी केलेला हिशेब, एवढे कथानक बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्यात सहज मावते. १८ सप्टेंबरला सुरू होणाऱ्या त्या कादंबरीची मला प्रतीक्षा आहे.