स्पिटफायरचा प्रोपेलर : एका चाचणी-अहवालाचें वाचन

इ. स. १९४० च्या उन्हाळ्यांत इंग्लंडच्या लढाऊ विमानांस नव्या तऱ्हेची प्रोपेलर-यंत्रणा बसविण्यांत आली व त्यामुळें स्पिटफायर विमानाचा वेग वाढला, असें विधान लोकप्रिय लेखनांत आढळतें. त्याचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्धाची परीक्षा ज्या कागदावरून करितां येते, तो मार्च १९४० चा सरकारी चाचणी-अहवाल मात्र निराळेंच सांगतो.

आधीं संज्ञांविषयीं. प्रोपेलर हा हवेंत शिरणारा स्क्रूच होय. एका फेऱ्यांत तो जितका पुढें सरकावा, तें त्याचें पिच. इंग्रजींतील 'फाइन' व 'कोर्स' यांस 'सूक्ष्म' आणि 'स्थूल' म्हणण्याचा मोह आम्हांसही झाला होता. पण त्यानें सांख्यशास्त्र आठवतें, यंत्र नव्हे. बारीक आट्याचें व मोठ्या आट्याचें पिच म्हणावें, म्हणजे लोहारासही कळेल. उड्डाणाच्या वेळीं बारीक पिच हवें, म्हणजे एंजिन पूर्ण फेरे घेतें. वेगांत असतां मोठें हवें, नाहीं तर एंजिन मर्यादेबाहेर फिरूं लागतें. पहिल्या स्पिटफायरांचा लांकडी प्रोपेलर एकाच कोनाचा होता. पुढें दोन पिचांचा धातूचा आला; त्यांत वैमानिकास दोहोंपैकीं एक निवडावें लागे. तिसऱ्या प्रकारांत फेऱ्यांची संख्या तेवढी वैमानिकानें ठरवावयाची. फेरे वाढले कीं नियामकांतील फिरतीं वजनें बाहेर फांकतात, तेलाची झडप सरकते, पात्यांचा कोन वाढतो व एंजिन पुन्हां ठरल्या फेऱ्यांवर येतें.

अहवालांत तीन विमानांची तुलना आहे. लांकडी प्रोपेलरचें के. ९७८७ हें ४२० यार्ड धांवून उडालें, दोन पिचांचें के. ९७९३ हें ३२० यार्डांत, व रोटोल कंपनीचा स्थिर-फेऱ्यांचा प्रोपेलर लावलेलें एन. ३१७१ हें २२५ यार्डांत. २०,००० फूट चढण्यास दुसऱ्यास ११.४ मिनिटें लागलीं, तिसऱ्यास ७.७. परंतु कमाल वेग अनुक्रमें ताशीं ३६२, ३६७ व ३५४ मैल! म्हणजे नव्या प्रोपेलरचें विमान तिघांत सर्वांत मंद.

मग प्रोपेलरनें वेग घटविला, असें म्हणावें काय? तेंही नव्हे. एन. ३१७१ ला गोळी न भेदणारी समोरची कांच व टाकीवर चिलखती पत्रा होता. तें वजनानेंही अधिक होतें. एकाच पोथीच्या दोन प्रती म्हणून ज्या ताडून पाहाव्या, त्यांतील एकींत निराळ्या ग्रंथाचीं पानें शिवलेलीं निघावींत, तसा हा प्रकार आहे. वेगाचा आंकडा प्रोपेलरच्या जमेसही धरूं नये व खर्चासही. चढण्याचा आंकडा मात्र भक्कम आहे, कारण जड विमान हलक्याहून लवकर चढलें. शत्रूचीं विमानें वर येऊन ठेपलीं असतां वांचलेल्या पावणेचार मिनिटांची किंमत वेगाच्या दहा-बारा मैलांहून कमी कोण मानील? जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत डी हॅविलंड कंपनीच्या माणसांनीं १,०५१ स्पिटफायर व हरिकेन विमानांचे प्रोपेलर बदलून दिले, त्याचें कारण येथें दिसतें.

वैमानिकांच्या सरकारी पुस्तिका जमविणारांस एक विनंति. दुरुस्त्या येत तसतशीं त्यांतील पानें बदलीत व चिठ्ठ्या चिकटवीत. मुखपृष्ठावरील साल हें आंतील प्रत्येक पानाचें साल नव्हे. स्पिटफायरची अशी पुस्तिका हातीं आल्यास प्रोपेलरचें पान प्रथम उघडावें, आणि चिकटविलेली चिठ्ठी सोडवूं नये.