कर्त्याचा लोप : निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेची चिकित्सा

१

एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कार्याचे मूल्यमापन करावयाचे झाल्यास तिने किती अरण्ये राखली, किती निधी वाटला आणि किती राष्ट्रांच्या सह्या मिळविल्या, याचा हिशेब सामान्यतः मांडला जातो. हा हिशेब आवश्यक आहे, यात शंका नाही. तथापि परिसंस्थांचे व्यवस्थापन आणि जैवविविधतेचे संवर्धन हे ज्यांचे कार्यक्षेत्र आहे, त्या संस्थांच्या हातून प्रथम निर्माण होते ते अरण्य नव्हे. करार, ठराव, व्याख्या आणि वर्गवारी या रूपांतील लेखन होय. या संस्थांपाशी स्वतःचा भूप्रदेश नाही, वनरक्षक नाहीत आणि दंडशक्तीही जवळजवळ नाही. शब्द हेच त्यांचे मुख्य साधन आहे. म्हणून त्यांच्या परिभाषेची चिकित्सा हा केवळ भाषाभ्यासकाचा विरंगुळा ठरत नाही. ती त्यांच्या कार्याचीच चिकित्सा ठरते.

ही परिभाषा ढिसाळ आहे, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. तो बरोबर नाही. ही परिभाषा फार काळजीपूर्वक घडविलेली आहे. मात्र ती काळजी निसर्गाचे यथार्थ वर्णन करण्यापेक्षा परस्परविरोधी राष्ट्रांची संमती टिकविण्यासाठी घेतलेली असते. परिणामी या वाक्यांतून क्रिया दिसते, कर्मही दिसते. परंतु कर्ता हरवतो.

२

नावापासूनच आरंभ करणे योग्य होईल. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी फ्रान्समधील फोंतेनब्लो येथे जो आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, त्याच्या नावात 'प्रोटेक्शन' म्हणजे संरक्षण हा शब्द होता. १९५६ साली हे नाव बदलले. 'प्रोटेक्शन'च्या जागी 'कॉन्झर्व्हेशन' आले आणि 'निसर्ग' या शब्दाला 'नैसर्गिक साधनसंपत्ती'ची जोड मिळाली. संरक्षण या क्रियेत एक आक्रमक गृहीत असतो. कोणापासून रक्षण करावयाचे, हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच असतो. 'कॉन्झर्व्हेशन'मध्ये तो प्रश्न मावळतो आणि त्याच्या जागी काटकसरीने वापरण्याचा, पुढील पिढीसाठी राखून ठेवण्याचा अर्थ येतो.

येथे एक बारीक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. या संघाच्या इंग्रजी नावात 'निसर्ग आणि नैसर्गिक साधनसंपत्ती' असे दोन पदार्थ शेजारी ठेवलेले आहेत. फ्रेंच नावाचा शब्दशः अर्थ मात्र 'निसर्ग आणि त्याची साधनसंपत्ती' असा होतो. फ्रेंचमधील षष्ठीचा हा संबंध साधनसंपत्तीचे स्वामित्व, निदान व्याकरणापुरते तरी, निसर्गाकडे ठेवतो. इंग्रजीत ते कोणाकडेच राहत नाही. आणि जे कोणाचेच नाही, ते मोजणाऱ्याचे आणि वापरणाऱ्याचे होण्यास वेळ लागत नाही. एकाच संस्थेच्या दोन अधिकृत नावांत दोन भिन्न दृष्टी सुखाने नांदत आल्या, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाची किल्ली मानावयास हरकत नाही.

मराठीने 'कॉन्झर्व्हेशन'साठी 'संवर्धन' हा शब्द स्वीकारला. पशुसंवर्धन, वृक्षसंवर्धन या शब्दांत वाढविण्याचा, जोपासण्याचा अर्थ प्रधान आहे. आहे ते तसेच राखण्याचा नाही. घरगुती भाषेतील 'जतन' हा शब्द मूळ अर्थाला अधिक जवळचा होता. परंतु त्याला शासकीय पोशाख नसल्यामुळे तो मागे पडला असावा. 'इकोसिस्टिम'चे भाग्य याहून विचित्र आहे. ए. जी. टॅन्स्ली यांनी १९३५ साली या शब्दाचा वापर केला, तेव्हा सजीव आणि त्यांचा निर्जीव भोवताल मिळून होणारी एक भौतिक व्यवस्था त्यांना अभिप्रेत होती. मराठीत तिची 'परिसंस्था' झाली. आता 'संस्था' म्हटली, की मराठी कानाला कार्यकारिणी, घटना आणि चिटणीस यांची चाहूल लागते. अशा संस्थेचे 'व्यवस्थापन' करावयाचे, हे वाक्य मग इतके स्वाभाविक वाटते, की ते कोणी करावयाचे हे विचारण्याचे सुचतच नाही.

३

५ जून १९९२ रोजी रिओ द जानेरो येथे सह्यांसाठी खुला झालेला आणि २९ डिसेंबर १९९३ पासून अमलात आलेला जैविक विविधतेचा करार हा या क्षेत्रातील मध्यवर्ती ग्रंथ होय. त्याची संहिता ४२ कलमांची असून सहा भाषांतील तिचे पाठ सारखेच प्रमाण मानले गेले आहेत. या संहितेच्या तीन भाषिक विशेषांचा येथे विचार करणे इष्ट ठरेल.

पहिला विशेष नामांचा. १९८३ साली अन्न व कृषी संघटनेने स्वीकारलेल्या अभिसंकल्पात वनस्पतींची जनुकीय संपत्ती हा मानवजातीचा 'वारसा' मानला होता. नऊ वर्षांनी आलेल्या या करारात 'वारसा' नाही. जैविक विविधतेचे संवर्धन ही मानवजातीची सामाईक 'आस्थेची बाब' आहे, असे म्हटले आहे. वारशाला वारस असतात आणि वारसांना हक्क असतो. आस्था कोणालाही बाळगता येते. हा बदल अनवधानाने झालेला नव्हे. जी संपत्ती सर्वांची, ती प्रत्यक्षात सधन देशांतील बियाणे आणि औषधांच्या कंपन्यांची होते, असा दक्षिणेकडील राष्ट्रांचा अनुभव होता. म्हणून त्यांनी वारसा नाकारला आणि संपत्तीवर राज्याचे सार्वभौमत्व प्रस्थापित करून घेतले. नामाचा हा बदल न्याय्य होता. मात्र त्याने हक्क मानवजातीकडून राज्याकडे आणला. राज्याकडून गावाकडे नेला नाही.

दुसरा विशेष क्रियापदांचा. करारातील बहुतेक महत्त्वाच्या कलमांत आज्ञार्थी क्रियापदाच्या आधी 'शक्य असेल तेथवर आणि उचित असेल त्याप्रमाणे' अशा आशयाचे क्रियाविशेषण येते. आदेश विध्यर्थाचा आणि पालन ऐच्छिक, अशी ही रचना आहे. शक्य काय आणि उचित काय, हे ठरविणारा अर्थातच आदेश ज्याला दिला आहे तो स्वतःच. २०१० साली सदस्य राष्ट्रांनी दहा वर्षांसाठी २० लक्ष्ये ठरविली. त्यांपैकी एकही पूर्णतः साध्य झाले नाही, हे कराराच्या सचिवालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातच नमूद आहे. या अपयशाची कारणे अनेक आहेत आणि ती मुख्यतः आर्थिक व राजकीय आहेत. परंतु अपयशाचा दोष कोणाकडेही न जाण्याची व्यवस्था वाक्यरचनेनेच आधी करून ठेवली होती, हेही विसरता येत नाही.

तिसरा विशेष वचनाचा. कलम ८च्या 'जे' या उपकलमात पारंपरिक ज्ञान जपणाऱ्या मूलनिवासी आणि स्थानिक समुदायांचा उल्लेख आहे. तोही 'राष्ट्रीय कायद्याच्या अधीन राहून'. या समुदायांना इंग्रजीत 'पीपल' शब्दाच्या अनेकवचनाने संबोधावे, अशी मागणी दीर्घकाळ चालली आणि २०१४ साली सदस्य राष्ट्रांच्या परिषदेने ती पुढील कामकाजापुरती मान्य केली. एका 'एस'साठी वीस वर्षे वाद व्हावा, याचे नवल वाटेल. परंतु एकवचनी शब्दाने माणसे सूचित होतात आणि अनेकवचनी शब्दाने स्वतःचे राजकीय अस्तित्व असलेले जनसमाज सूचित होतात. मराठीत 'लोक' हा शब्द मुळातच बहुवचनी असल्यामुळे हा सारा वाद भाषांतरात लुप्त होतो. २०२४ साली काली येथील परिषदेत या उपकलमासाठी स्थायी उपसमिती नेमण्याचा निर्णय झाला. त्याची बातमी मराठीत कितीही नीट लिहिली, तरी त्यामागील व्याकरण मराठी वाचकापर्यंत पोहोचणे कठीण आहे.

४

संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००५ साली पूर्ण झालेल्या सहस्रकी परिसंस्था-मूल्यांकनाने 'परिसंस्थांच्या सेवा' ही संज्ञा रूढ केली. पुरवठा, नियमन, संस्कृती आणि आधार अशा चार वर्गांत या सेवा विभागल्या गेल्या. या रूपकाचे श्रेय मान्य केले पाहिजे. कांदळवन हे लाटा अडविते, हे अर्थखात्यास समजेल अशा भाषेत प्रथमच सांगता आले. परंतु सेवा म्हटली, की सेवक आला, सेव्य आला आणि मोबदलाही आला. जो डोंगर सेवा देत नाही, तो मग निरुपयोगी ठरण्याचा धोका उत्पन्न झाला.

२०१२ साली स्थापन झालेल्या आंतरशासकीय विज्ञानमंचाने ही अडचण ओळखली. त्याने 'सेवा' शब्दाऐवजी प्रथम 'लाभ' आणि नंतर 'निसर्गाचे मानवास योगदान' ही संज्ञा पुढे आणली. कारण योगदान अनुकूल तसेच प्रतिकूलही असू शकते. या नव्या वाक्यात निसर्ग हा कर्ता झाला, ही लक्षणीय प्रगती होय. तथापि याच मंचाने २०१९ साली सुमारे दहा लाख प्रजाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचा जो इशारा दिला, त्याचा सर्वत्र झालेला अनुवाद पाहावा. प्रजाती 'नष्ट होत आहेत', असेच बहुधा लिहिले जाते. नष्ट होणे ही अकर्मक क्रिया आहे. नष्ट करणारा त्या वाक्यात बसतच नाही. मूळ अहवालात कारणांचा क्रम स्पष्ट दिलेला आहे, त्यात जमीन आणि समुद्र यांच्या वापरातील बदल अग्रस्थानी आहे. अनुवादाच्या क्रियापदाने तो क्रम पुसला.

५

या परिभाषेचा खरा कस लागतो तो ती गावाच्या वेशीवर येते तेव्हा. १९७१ च्या रामसर कराराची पाणथळाची व्याख्या अतिशय व्यापक आहे. नैसर्गिक वा कृत्रिम, कायम वा तात्पुरते, वाहते वा स्थिर, गोडे वा खारे, असे सर्व जलप्रदेश, ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असणाऱ्या समुद्रासह, तिच्यात येतात. मराठी 'पाणथळ' म्हणजे पाणी साचून राहणारी ओलसर, सखल जमीन. या शब्दात गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे बनलेले नांदूर मध्यमेश्वर कसेबसे बसते. उल्कापाताच्या विवरातील लोणारचे खारे सरोवर बसत नाही. दोन्ही स्थळे रामसरच्या यादीत आली. याच कराराचे 'वाइज यूझ' हे सूत्र फ्रेंच पाठात 'विवेकशुद्ध उपयोग' अशा अर्थाने, बुद्धिनिष्ठ गणिताकडे झुकते. इंग्रजीत ते शहाणपणाकडे झुकते. मराठीने कोणते निवडावयाचे, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. शहाणपण गावापाशी असू शकते. गणित बहुधा कार्यालयापाशी असते.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या हद्दीतील सजीवांची लोक-नोंदवही करावयाची आहे. रिओच्या संहितेचे हे गावातील रूप होय. येथे परिभाषेला आपली भाषा सोडून गावाची भाषा ऐकण्याची संधी होती. देवराई, कुरण, गायरान, खाजण, सडा, माळ या प्रत्येक शब्दात परिसंस्था आहे. तिचा वापर आहे आणि तो वापरणारा कर्ताही आहे. परंतु छापील तक्त्याच्या रकान्यांत शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, उपयोग एवढेच मावते. कोकणातील सडा महसुली दप्तरात 'पोटखराबा' वा 'पडीक' म्हणून नोंदलेला असला, की त्यावर पावसाळ्यात उमलणारी अल्पायुषी वनस्पतिसृष्टी कागदावर आधीच नाहीशी झालेली असते.

माळढोक पक्ष्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. आंतरराष्ट्रीय संघाच्या लाल यादीत तो २०११ पासून 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात आहे. या यादीचे वर्ग १९९४ पासून संख्यात्मक निकषांवर आधारलेले आहेत, आणि आंतरराष्ट्रीय परिभाषा काटेकोर होऊ शकते याचा तो उत्तम पुरावा आहे. 'शक्य असेल तेथवर' अशी सवलत तेथे नाही. परंतु यादीने पक्षी मोजला. मराठी नावाने त्याचा अधिवासही सांगितला होता : माळावरचा ढोक. माळ पडीक ठरला, नांगरला गेला, त्यावर झाडे लावली गेली, वीजवाहिन्या आल्या. आणि सोलापूरकडील नान्नज अभयारण्य ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो पक्षी महाराष्ट्रात दिसेनासा होत गेला. माळावर झाडे लावणे हेही कोणाच्या तरी हिशेबी 'संवर्धन'च होते, हे येथे विशेष ध्यानात घ्यावयाचे.

६

या विवेचनातून आंतरराष्ट्रीय संस्था निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. संदिग्ध शब्दाशिवाय शंभर-दीडशे राष्ट्रे एका कागदावर आली नसती. परिसंस्था-दृष्टिकोनाच्या २००० सालच्या बारा तत्त्वांपैकी पहिल्याच तत्त्वात व्यवस्थापनाची उद्दिष्टे ही समाजाच्या निवडीची बाब आहे, असे मान्य केले आहे आणि दुसऱ्यात निर्णय योग्य त्या सर्वांत खालच्या पातळीवर सोपविण्यास सांगितले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे २०३० पर्यंत भूमी आणि समुद्र यांचा ३० टक्के भाग राखण्याचे लक्ष्य ठरले, त्यातही मूलनिवासी जनसमाजांच्या हक्कांचा उल्लेख आहे. म्हणजे कर्त्याला परत आणण्याची वाट या परिभाषेतच खुली आहे.

प्रश्न एवढाच, की ३० टक्के 'राखले जातील' हे कर्मणी वाक्य मराठीत कर्तरी कोण करणार? जो राखतो त्याचे नाव घालून वाक्य पूर्ण केले, की राखण्याचा खर्च कोणाच्या चुलीवर आणि गायरानावर पडतो, हेही त्याच वाक्यात लिहावे लागते. परिभाषा-कोशात प्रतिशब्दांची भर घालून हे काम होणार नाही. ज्या गावात नोंदवही भरली जाते, तेथील बोलीतील शब्द, त्यांच्या अर्थाच्या सीमा आणि त्यांच्याशी निगडित हक्क यांचा पद्धतशीर अभ्यास त्यासाठी हवा. आणि तो मराठीच्या विद्यापीठीय अभ्यासकांनी केला नाही, तर अन्य कोणी करील असे मानण्यास आधार नाही. माळ हा शब्द जोवर 'पडीक' या शब्दाहून वेगळा उरला आहे, तोवरच हे काम करता येण्यासारखे आहे.