अरबी समुद्र हिरवा होतोय की ओसाड?

दोन पेपर शेजारी ठेवून वाचा. २००५ साली ‘सायन्स’मध्ये गोएस आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की १९९७ ते २००४ दरम्यान पश्चिम अरबी समुद्रात उन्हाळी वनस्पतीप्लवक किनाऱ्याजवळ ३५० टक्क्यांहून जास्त वाढले. २०१६ मध्ये पुण्याच्या आयआयटीएममधले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी उलटं सांगतात: पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट.

कारणं दोन्हीकडे पटणारी आहेत. गोएस म्हणतात, बर्फ घटला, जमीन तापली, वारे वाढले, म्हणून खालचं पोषक पाणी वर आलं. कोल म्हणतात, वरचा थर तापून हलका झाला, म्हणून ते वर येईना.

मग चूक कुठे शोधायची? कालावधीत. गोएस यांची मालिका जेमतेम सात वर्षांची, तीही एल निनोच्या वर्षात सुरू झालेली. हेन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की हवामानबदलाचा कल ओळखायला साधारण ४० वर्षांच्या नोंदी लागतात. कोल यांचा तापमानाचा पाया भक्कम आहे. पण सहा दशकांचा आकडा मॉडेलमधून येतो, उपग्रहाच्या नोंदी १९९८ नंतरच्याच.

शिवाय मायक्रोवेव्ह संवेदक ढगांतूनही तापमान मोजतात, समुद्राचा रंग मात्र ढगांआड दिसत नाही. म्हणजे ऐन पावसाळ्यात, प्लवक बहरात असतानाच, नोंदी तुटक!

मला कोल यांची मांडणी जास्त पटते. तरी तुमच्या प्रबंधात ‘उपग्रहाने २० टक्के घट मोजली’ असं लिहू नका. मासेमारीची धोरणं अशाच वाक्यांवर उभी राहतात.