मातृत्वाचें वाङ्मय आणि रजेचा हिशेब

हिरकणीची गोष्ट रायगड जिल्ह्यांत कोणास नव्यानें सांगावी लागत नाहीं. किल्ला महाडच्या बाजूस, जिल्ह्याच्या दक्षिणेस आहे, आणि कर्जत-खालापूरचा आमचा मुलूख उत्तरेस, बोरघाटाच्या पायथ्याशीं. तरी येथल्या शाळांतूनही मुलें ती गोष्ट ऐकतच मोठीं होतात. गडावर दूध घालावयास गेलेली गवळण, कोजागिरीचा दिवस, सूर्यास्तानंतर मिटलेले दरवाजे, पायथ्याच्या घरीं ठेवलेलें तान्हें मूल, आणि काळोखांत ती उतरून गेली तो उभा कडा. ही आख्यायिका आहे. तिला कागदाचा आधार नाहीं. परंतु एखादी आख्यायिका शतकेंच्या शतकें लोकांच्या तोंडीं टिकते, तेव्हां ती खरी किती यापेक्षां लोक तींतलें काय सांगतात आणि काय गाळतात, हेंच टीकाकारानें पाहावयाचें असतें.

सांगतात तें सर्वांस ठाऊक आहे: आईचें काळीज. एस्. टी.च्या स्थानकांवर तान्ह्या मुलांच्या आयांसाठीं खोल्या केल्या, त्यांस ‘हिरकणी कक्ष’ हें नांव दिलें. २०१९ सालीं या गोष्टीवर मराठी चित्रपट निघाला, आणि त्याचाही उत्कर्षबिंदु कडा उतरण्यांतच आहे. गाळतात तें असें कीं, हिरकणी ही कामावर गेलेली बाई होती. ज्या वेळेस दरवाजा मिटावयाचा ती वेळ ठरविणाऱ्यांच्या मनांत दूध घालणाऱ्यांमध्यें एखादी अंगावर पाजणारी बाई असेल, ही कल्पना आलेली नव्हती. गोष्टीचा शेवट तर फारच बोलका आहे. महाराजांनीं तिचा सन्मान केला, आणि ती ज्या वाटेनें उतरली ती वाट बुरूज बांधून बंद केली. दरवाजाची वेळ मात्र होती तीच राहिली. हा त्या थोर राजावर आक्षेप नव्हे. किल्ला राखणाऱ्यास कड्यांतली वाट मोकळी ठेवून कसें चालेल? आक्षेप आहे तो गोष्ट सांगणाऱ्या आपणांवर. कड्याच्या वर्णनांत आपण इतके रमतों कीं दरवाजाकडे आपली पाठच राहते.

हा विषय एवढ्या विस्तारानें काढण्याचें कारण कर्जत स्थानकावर रोज सकाळीं दिसतें. येथून मुंबईचें शेवटचें स्थानक सुमारें १०० किलोमीटर. पहांटेच्या गाड्यांनीं जाणाऱ्या बायकांत कोणी परिचारिका, कोणी शिक्षिका, कोणी पेढ्यांत व कचेऱ्यांत काम करणाऱ्या; खोपोलीच्या फांट्यावरून पळसदरी-केळवलीकडून येणाऱ्याही त्यांत मिसळतात. नव्यानें लग्न झालेल्या मुलींच्या बोलण्यांत एक हिशेब पुनःपुन्हां ऐकूं येतो. नोकरी कायम होण्यास अजून सहा महिने आहेत. करार अकरा महिन्यांचा आहे. तो पुन्हां होण्याच्या सुमारास पोट दिसूं लागलें तर? बढतीचें नांव पुढें गेलें आहे. तें होऊन जाऊं दे. मूल अद्याप पोटांत नाहीं. पुष्कळदां तें हवें कीं नको हेंही नवराबायकोंचें ठरलेलें नाहीं. परंतु त्याच्यासाठीं लागणारी रजा मनांत मोजून झालेली असते. घरीं सासूबाई विचारतात, ‘‘काय ग, कांहीं विशेष?’’ कचेरींत साहेब जरा आडवळणानें तेंच विचारतात. प्रश्न एकच, एकास ‘हो’ हवें असतें आणि दुसऱ्यास ‘नाहीं’. मला स्वतःला फार वर्षांपूर्वीं एका संस्थेंत मुलाखतीच्या वेळीं लग्नाची तारीख विचारण्यांत आली होती. पदवीची तारीख विचारावयास मंडळी विसरली.

मुद्दा असा कीं, हिरकणीची चिंता मूल झाल्यावर सुरू झाली. तिच्या या लेकींची चिंता मूल राहण्यापूर्वींच सुरू होते. आणि या काळाविषयीं आपलें मातृत्वाचें वाङ्मय जवळजवळ मुकें आहे. डोहाळ्यांचीं गाणीं दिवस राहिल्याची खात्री झाल्यावर सुरू होतात. जात्यावरच्या ओव्यांत काम आणि मूल शेजारीं शेजारीं आहेत, कारण जातें आणि पाळणा एकाच घरांत होता. हेमा राईरकर व गी पोइतवाँ यांनीं पुण्याकडील मावळ-मुळशी भागांतून ज्या हजारों ओव्या गोळा केल्या, त्यांत बाईच्या कष्टांचा शब्द सर्वत्र आहे. पण बाळंतपणासाठीं कोणाची परवानगी मागावी लागण्याचा प्रश्न त्या जगांत नव्हता. १९३५ च्या ‘श्यामची आई’नें मराठी मनांत आईची जी मूर्ति बसविली, तीही घरांतील व दारिद्र्यांतील आहे. ती कमी प्रतीची आहे असें मला म्हणावयाचें नाहीं. परंतु पगारपत्रकावर नांव असलेल्या बाईस त्या मूर्तीशीं स्वतःस ताडून पाहतांना नेहमीं उणेंच वाटत राहतें, हें तिच्या प्रभावाचें एक फळ आहे.

या मौनास पहिला तडा दिला तो १९३३ सालच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या संग्रहानें. ‘विभावरी शिरूरकर’ या टोपण नांवामागें कोण आहे याची चर्चाच त्या वेळीं अधिक झाली. त्या मालतीबाई बेडेकर होत, हें पुढें सर्वांस कळलें. त्या कथांतील मुली शिकलेल्या आहेत, मिळवत्या आहेत, आणि त्यांच्या मिळकतीवर घर उभें असल्यामुळें त्यांचीं लग्नें लांबत आहेत. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हें एका कथेचें नांवच पुरेसें आहे. बाईचा पगार आणि बाईची कूस हीं एकाच वहींत मांडलीं जातात, हें मराठींत इतक्या स्पष्टपणें पूर्वीं कोणीं लिहिलें नव्हतें. पुढच्याच वर्षीं आलेल्या ‘हिंदोळ्यावर’मधील अचलेस मूल हवें आहे, तिच्या आड येतो तो विवाहाचा कायदा आणि लोकांची जीभ. या लेखनाचा मी जितका आदर करतें तितकाच त्याचा काळही ध्यानांत ठेवावा लागतो. त्या काळीं मुलीपुढें दोनच दरवाजे होते: अविवाहित राहून नोकरी, किंवा नोकरी सोडून संसार. दोन्ही दरवाजे एकदम उघडे ठेवूं पाहणारी बाई विरळा होती, म्हणून रजेचा प्रश्न कथेंत शिरण्यास जागाच नव्हती.

र. धों. कर्वे यांचें कार्य याच संदर्भांत आठवतें. १९२१ सालीं मुंबईंत त्यांनीं संततिनियमनाचें केंद्र काढलें, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक मरेपर्यंत चालविलें. मूल ‘केव्हां’ हा प्रश्न दैवाच्या हातून काढून त्यांनीं बाईच्या हातीं दिला. त्याचें मोल कमी लेखणें कृतघ्नपणा होईल. परंतु त्या प्रश्नाचें पुढें काय झालें पाहा: वेळ तुझ्या हातीं आहे ना, मग ती आमच्या सोयीनें निवड, असें सांगणारा मालक त्या प्रश्नापाठोपाठ उभा राहिला. जी निवड मोकळीक म्हणून मिळाली, तिचा जबाब द्यावा लागूं लागला. ‘‘आत्तांच कसें काय?’’ हें वाक्य शंभर वर्षांपूर्वीं कोणत्याही बाईस ऐकावें लागलें नसतें.

येथें कोणी म्हणेल कीं कायदा आहे, मग भीति कसली? कायदा आहे, आणि तो बराच उदारही आहे. १९६१ च्या कायद्यानें १२ आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांसाठीं ती २६ आठवड्यांची झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही तीच मुदत ठेवण्यांत आली. बाळंतपणापूर्वींच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालें असलें म्हणजे पुरे. रजेवर असलेल्या बाईस काढून टाकतां येत नाहीं. १९८१ सालीं विमान-कंपनींतील नर्गेश मिर्झा यांच्या प्रकरणांत, पहिल्या गरोदरपणाबरोबर हवाई सुंदरीची नोकरी संपविणारा नियम सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविला, तेव्हांपासून उघड उघड दरवाजा मिटण्याची सोय राहिली नाहीं. पण हीं सर्व कलमें बाई गरोदर झाल्यावर तिच्या मदतीस येतात. ती गरोदर होईल या नुसत्या शंकेनें तिला घेतलें नाहीं, करार पुन्हां केला नाहीं, बढतीच्या यादींत तिचें नांव खालीं सरकलें, तर तें कोणत्याच कागदावर उमटत नाहीं. शंकेस तारीख नसते.

आणि ही शंका कोठून येते, हें १९२८ सालींच एका माणसानें ओळखलें होतें. मुंबईच्या कायदेकौन्सिलांत प्रसूतिलाभाचें बिल चर्चेस आलें असतां डॉ. आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला. आईस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनें उचलावयास हवा. परंतु सरकार तो उचलीत नाहीं एवढ्यावरून तिच्या श्रमाचा लाभ घेणारा मालक सुटत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ सालीं कायदा झाला. भार मालकावर पडला. राज्य विमा योजनेखालीं येणाऱ्या कामगार स्त्रियांस हा लाभ सर्वांच्या वर्गणींतून मिळतो. खोपोलीच्या कारखान्यांत अशी स्त्री असली तर तिच्या रजेचा पगार एकट्या मालकाच्या तिजोरींतून जात नाहीं. परंतु विम्याबाहेरच्या खासगी नोकरींत २६ आठवड्यांचा पगार ज्या एका मालकास द्यावा लागतो, तो लग्न झालेल्या मुलीकडे पाहतांना आंकडेमोड करणारच. तो दुष्ट असलाच पाहिजे असें नाहीं. रजा वाढली तशी त्याची आंकडेमोडही वाढली, हें कटु आहे, पण खरें आहे.

अशा मुलींवर, ‘‘मातृत्वासही हिशेब लावतात,’’ हा आरोप सर्रास होतो, आणि आपल्या कथांतून तो अधिक सुबक शब्दांत होतो. करिअरच्या मागें लागलेली, मूल लांबविणारी, शेवटीं रिकाम्या घरांत पश्चात्ताप करणारी नायिका आतां इतकी ओळखीची झाली आहे कीं पहिल्या परिच्छेदांतच तिचा शेवट कळतो. या कथांचा दोष नीतीचा नसून निरीक्षणाचा आहे. हिशेब बाईनें मांडलेला नाहीं. मांडून ठेवलेल्या हिशेबांत ती आपली जागा शोधीत आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेस १८० दिवसांची रजा निश्चित मिळते, म्हणून ती हा विषय गाडींत फारसा काढीतही नाहीं. विनाअनुदान शाळेंत दर जूनमध्यें नव्यानें नेमली जाणारी तिचीच मैत्रीण मात्र महिने मोजते. दोघींच्या वात्सल्यांत अंतर आहे काय?

हिशेब मांडतां येणें हेंही एक प्रकारचें भाग्यच आहे, हें सांगितल्याशिवाय आमच्या तालुक्यांविषयीं लिहिणें अपुरें राहील. पावसाळा सरला कीं येथल्या कातकरी वाड्यांतून कुटुंबेंच्या कुटुंबें उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. तेथें मजुरी विटांच्या हजारीवर, आणि काम जोडप्याचें. वहींत नांव बहुधा नवऱ्याचें. बाई अडली तर विटा कमी पडतात आणि उचल फिटत नाहीं. रोजंदारीवरील स्त्रियांसही प्रसूतिलाभ द्यावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं दिल्ली महापालिकेच्या प्रकरणांत सांगितलें. पण जिचें नांवच वहींत नाहीं तिला तो कोणी द्यावा? पहिल्या अपत्यासाठीं सरकारच्या मातृवंदना योजनेंतून ५००० रुपये हप्त्यांनीं मिळतात, तेवढाच तिचा आधार. तिच्यापुढें दरवाजाच नाहीं, नुसता कडा आहे.

मग लेखकानें काय करावें? अडचण मी जाणतें. जी अजून आई झालेली नाहीं, जिला अजून दिवस गेलेले नाहींत, आणि जिच्या हातून कथेंत कांहींच घडत नाहीं, अशी नायिका घेऊन कथा लिहिणें सोपें नाहीं. प्रसंग म्हणून काय दाखवावयाचें? दिनदर्शिकेवरची एक खूण, गाडींतले दोन तास, वरिष्ठापुढें न बोललेलें एक वाक्य, नवऱ्याशीं अर्ध्यावर सोडलेलें भांडण. विभावरीबाईंच्या मुलींच्या जिण्यांतही बाहेरून कांहीं घडत नव्हतें, आणि तरीही मराठी घरें हादरलीं.

मुलांस हिरकणीची गोष्ट सांगण्याचा प्रसंग मजवर अधून मधून येतो. हल्लीं मी कड्यापाशीं घाई करतें आणि दरवाजापाशीं जरा थांबतें: पहारेकरी काय म्हणाला, ती काय म्हणाली. गेल्या खेपेस एका मुलीनें मध्येंच विचारलें, ‘‘रोज तिच्याकडून दूध घ्यायचे, मग तिला बाळ आहे हें कुणालाच ठाऊक नव्हतं का?’’