गेंडा, मांजर आणि तर्कपंडित

यूजीन आयोनेस्को या रुमानियात जन्मलेल्या फ्रेंच नाटककाराचे 'गेंडा' हे नाटक १९५९ साली रंगभूमीवर आले. एका छोट्या गावातील माणसे एकामागून एक गेंडे होत जातात, अशी ही कथा. फॅसिझमची लागण समाजात कशी पसरते, याचे हे रूपक मानले जाते. शिक्षकांनी मात्र त्यातील तर्कदोषांसाठीही ते वाचावे.

पहिल्या अंकात एक तर्कपंडित एका वृद्ध गृहस्थाला संवाक्य, म्हणजे दोन विधानांवरून तिसरे काढण्याची रीत, शिकवतो. मांजरे मरतात, सॉक्रेटिसही मेला, म्हणून सॉक्रेटिस मांजर ठरतो! दोष कोठे आहे? फळ्यावर मरणाऱ्यांचे एक मोठे वर्तुळ काढा. त्याच्या आत मांजरांचे लहान वर्तुळ काढा. सॉक्रेटिस मोठ्या वर्तुळात असूनही लहान वर्तुळाबाहेर राहू शकतो. हाच अव्याप्त मध्यपदाचा दोष. गंमत म्हणजे त्या गृहस्थाच्या मांजराचे नाव सॉक्रेटिसच असते. निष्कर्ष खरा निघाला म्हणून तर्क बरोबर ठरत नाही, हे विद्यार्थ्यांना पटवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

पुढे गेंडा एका बाईचे मांजर चिरडतो आणि लोक वाद घालतात तो गेंडा एकशिंगी की दोनशिंगी, आशियाई की आफ्रिकी, याचा. (सुमात्राचा गेंडा आशियाई असूनही दोनशिंगी असतो, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.) तर्कपंडित सर्व शक्यता पद्धतशीर मांडतो. गेंड्याला आवरायचे कसे, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. येथे चूक अनुमानात नाही, प्रश्नाच्या निवडीत आहे.

दुसऱ्या अंकातील बोटार हा तर माजी शिक्षक! तो पुरावा मागतो, हे योग्यच. पण पत्रकार खोटारडे म्हणून बातमी खोटी, हे त्याचे म्हणणे विधान सोडून वक्त्यावर घसरते. गेंडा डोळ्यांनी दिसल्यावर तो कटाची भाषा बोलू लागतो. कोणत्याही पुराव्याने न बदलणारी शंका वैज्ञानिक नव्हे.

तिसऱ्या अंकात तर्कपंडिताची टोपी एका गेंड्याच्या शिंगावर अडकलेली दिसते. तर्कशास्त्रच कुचकामी आहे, असा ग्रह यावरून होऊ शकतो आणि ही नाटकाची उणी बाजू वाटते. कारण तर्कपंडिताची चूक पकडायलाही तर्कशास्त्रच लागते. वर्गात नियमांबरोबर एवढेही विचारावे : आपण योग्य प्रश्न सोडवत आहोत ना?